ऐंशीच्या घरातला बँड नवा अल्बम का काढतो?

दर वर्ष-दोन वर्षांनी अशी एक बातमी येतेच: अमुक जुन्या बँडचा इतक्या-इतक्या वर्षांनी नवा अल्बम. २०२१ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅबाने चाळीस वर्षांनी काढला, २०२४ मध्ये इंग्लंडच्या द क्युअरने सोळा वर्षांनी. या दोघांच्या मधे, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, इंग्लंडच्याच रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला. स्वतः लिहिलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा हा १८ वर्षांतला पहिला अल्बम. तेव्हा गायक मिक जॅगर ८० वर्षांचा होता, गिटारवादक कीथ रिचर्ड्स ७९ चा आणि दुसरा गिटारवादक रॉनी वुड ७६ चा.

जो रॉक ऐकत नाही त्याला यात एवढं काय ते कळत नाही, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. हा बँड कुठे गायब झाला नव्हता. मधल्या काळातही तो जगभर मैदानं भरवत होता. त्याआधी, एप्रिल २००३ मध्ये, तर तो मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवरही वाजवून गेला. मग ‘परत आला’ म्हणजे कुठून परत आला? आणि गाणी फोनवर जवळजवळ फुकट ऐकली जातात त्या काळात एवढी खटपट कशासाठी? याचं उत्तर शोधताना गाणी कशी ध्वनिमुद्रित होतात, त्यांचे पैसे कुणाला मिळतात आणि गेलेल्या माणसाचं वाजवणं नव्या गाण्यात कसं येतं, हे सगळंच पाहावं लागतं.

मंच वेगळा, स्टुडिओ वेगळा

स्टुडिओ अल्बम म्हणजे एकत्र ऐकावीत म्हणून स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित केलेली गाणी. मैफिलीचं ध्वनिमुद्रण किंवा जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह यात धरत नाहीत. स्टोन्सचा पहिला अल्बम १९६४ चा. साठ-सत्तरच्या दशकांत ते जवळपास दरवर्षी एक काढायचे. पुढे अंतर वाढत गेलं: १९८९, १९९४, १९९७, २००५. त्यानंतर २०१६ मध्ये एक अल्बम आला, पण त्यात सगळी जुन्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) गायकांची गाणी होती आणि ती तीन दिवसांत वाजवून झाली होती. त्यांचं स्वतःचं नवं असं २००५ नंतर फारसं काही नव्हतं. अधूनमधून एखाददुसरं सुटं गाणं यायचं, तेवढंच.

मंचावर उभं राहायला धैर्य लागतं, ऐंशीव्या वर्षी तर फारच. पण तिथे काय वाजवायचं हे श्रोत्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेलं असतं. स्टुडिओत कुणीच काही ठरवून ठेवलेलं नसतं. चाल कोणती, शब्द कोणते, वेग किती, कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, प्रत्येक गोष्टीचा निर्णय घ्यावा लागतो, आणि बँड असेल तर तो एकमताने घ्यावा लागतो. मंचावर एकत्र उभी राहू शकणारी माणसं स्टुडिओत एका खोलीत बसू शकतीलच असं नाही. म्हणून स्टोन्सचं हे पुनरागमन स्टुडिओतलं आहे, आणि माझ्या मते ते मंचावरच्यापेक्षा अवघड आहे.

मग १८ वर्षं अडलं कुठे?

या बँडची जवळजवळ सगळी गाणी जॅगर आणि रिचर्ड्स या जोडीच्या नावावर आहेत. ही जोडी १९६१ मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर जमली. लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी ही दोन मुलं तिथे पुन्हा भेटली, तेव्हा जॅगरच्या काखेत अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्डी होत्या. त्या वेळची मैत्री पुढे टिकली, पण सरळ टिकली नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दोघांचं इतकं बिनसलं होतं की १९८६ चा अल्बम काढून बँड दौऱ्यावरच गेला नाही. दोघांनी आपापले स्वतंत्र अल्बम केले आणि १९८९ मध्ये पुन्हा एकत्र आले. ‘पुनरागमन’ हा शब्द त्यांच्याबाबतीत तेव्हाही वापरला गेला होता.

२००५ नंतर अगदी भांडण असं नव्हतं. स्टुडिओत अधूनमधून बैठका होत, गाणी अर्धवट तयार होत आणि पडून राहत. कारण साधं होतं: पूर्ण करायची सक्ती कुणावर नव्हती. दौरे उत्तम चालले होते. कराराचा दबाव नाही, पैशाची निकड नाही, आणि मागे इतकी मोठी गाणी उभी की प्रत्येक नवं गाणं त्यांच्याशेजारी लहानच दिसणार.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रमर चार्ली वॉट्स गेला. तो ८० वर्षांचा होता आणि १९६३ पासून बँडच्या पाठीशी बसला होता. त्यानंतर थांबायचं की चार्लीशिवायही आपण काही नवं करू शकतो हे स्वतःलाच दाखवायचं, असे दोनच मार्ग उरले. २०२२ च्या अखेरीस जॅगरने तारीख ठरवून टाकली: १४ फेब्रुवारी २०२३ च्या आत अल्बम पूर्ण. त्याच्या सांगण्यानुसार काही आठवड्यांत २३ गाणी ध्वनिमुद्रित झाली. अल्बममध्ये १२ घेतली. १८ वर्षं न झालेलं काम एका तारखेने करून घेतलं.

तारखेबरोबर एक माणूसही आणला गेला: प्रोड्यूसर अँड्र्यू वॉट. (आडनाव ड्रमरच्या आडनावासारखं वाटतं, पण नातं काही नाही.) सिनेमात निर्माता पैसे घालतो, पण रेकॉर्डच्या दुनियेतल्या प्रोड्यूसरचं काम दिग्दर्शकाच्या जवळचं. गाण्याचा वेग, वाद्यांची मांडणी, कुठला टेक (म्हणजे एका वेळचं मुद्रण) ठेवायचा, गायकाला कुठे थांबवायचं, हे तो बघतो. वॉट १९९० चा जन्मलेला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने त्याचं नाव सुचवलं होतं. त्याचं सगळ्यात मोठं काम कदाचित हेच की या दोघांना तो मोकळेपणाने सांगू शकला: हे झालं, पुढे चला. अल्बममधल्या तीन गाण्यांवर गीतकार-संगीतकार म्हणून जॅगर-रिचर्ड्सच्या जोडीला त्याचंही नाव आहे. या जोडीने तिसऱ्याला नाव देणं फार क्वचित घडलंय.

गेलेला माणूस नव्या गाण्यात कसा वाजवतो?

चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेला आणि २०२३ च्या अल्बममध्ये दोन गाण्यांत त्याचे ड्रम्स आहेत. हे ऐकून अनेकांना वाटतं की संगणकाने त्याची नक्कल केली असणार. तसं नाही. ते ड्रम्स त्याने स्वतः २०१९ मध्ये वाजवलेले आहेत.

यामागे मल्टिट्रॅक नावाची पद्धत आहे: प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगळ्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदवायचा आणि शेवटी सगळे ट्रॅक एकत्र मिसळायचे. आपल्याकडे जुन्या काळी सिनेमाचं गाणं मुद्रित व्हायचं तेव्हा गायक आणि शंभरेक वादक एकाच वेळी वाजवत. कुणा एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. ती खिचडी होती: मीठ जास्त पडलं की पातेलंच गेलं. मल्टिट्रॅक म्हणजे थाळी. आमटी खारट झाली तर आमटीची वाटी बदलायची, भाताला हात लावायचा नाही. आणि भात सकाळी कुणी केला, आमटी दुपारी कुणी केली, याने जेवणाऱ्याला फरक पडत नाही.

तर २०१९ च्या बैठकांत चार्लीने वाजवलेले ट्रॅक जपून ठेवलेले होते. २०२३ मध्ये त्यांच्यावर गिटार, आवाज, बेस (खालच्या सुरांची गिटार) नव्याने चढले. ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या गाण्यात तर बिल वायमनलाही बोलावलं. हा बँडचा जुना बेसवादक, १९९३ मध्ये बाहेर पडलेला. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून एकत्र असलेले पाचही जण (जॅगर, रिचर्ड्स, वुड, वॉट्स, वायमन) त्या एका गाण्यात आहेत, जोडीला पियानोवर एल्टन जॉन. पाचही जण त्या गाण्यासाठी एका खोलीत बसलेले नाहीत, तरी ते एकत्र वाजतात, कारण चार्लीचा ट्रॅक पाया म्हणून आधीच पक्का होता.

त्या पायाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये चार्ली कीथच्या गिटारच्या मागे चालायचा, केसभर उशिराने. दुसरी गोष्ट, रॉकचा साधा ताल वाजवताना उजवा हात झांजेसारख्या हाय-हॅटवर सतत चालू असतो. चार्ली मात्र डाव्या हाताने स्नेअर ड्रमवर (कडक, तडतडीत आवाजाच्या ड्रमवर) ठोका देताना नेमका उजवा हात उचलायचा. त्यामुळे त्या ठोक्याभोवती बारीकशी मोकळी जागा राहते आणि ताल श्वास घेतल्यासारखा वाटतो. जॅझवर प्रेम करणाऱ्या, कपड्यांत टापटीप आणि बोलण्यात अबोल असलेल्या या माणसाची ही सही होती.

शेवटचं गाणं सोडलं तर उरलेल्या गाण्यांत ड्रम्सवर स्टीव्ह जॉर्डन आहे. २०२१ च्या दौऱ्याआधी चार्लीची तब्येत बिघडली तेव्हा जॉर्डनचं नाव चार्लीनेच पुढे केलं होतं. कीथच्या स्वतंत्र बँडमध्ये तो ऐंशीच्या दशकापासून वाजवत होता, म्हणजे कीथच्या हाताची चाल त्याला ठाऊक होती.

पण हे नैतिकदृष्ट्या बरोबर आहे का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला सरसकट उत्तर नाही. इथे चार्लीने ती गाणी याच बँडसाठी, प्रसिद्ध होतील याच अपेक्षेने वाजवली होती. त्याच्या वाजवण्यात कुणी नव्याने काही घातलं नाही. मला यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. उलट ते ट्रॅक कपाटात ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

याच्या दोनच आठवड्यांनी, २ नोव्हेंबर २०२३ ला, बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं आणि दोन्ही बातम्या लोकांच्या डोक्यात मिसळल्या. तिथलं प्रकरण वेगळं आहे. जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी साध्या कॅसेटवर पियानो वाजवत ते गायलं होतं. आवाज आणि पियानो एकाच पट्ट्यावर, एकमेकांत मिसळलेले. नव्वदच्या दशकात बाकीच्या तिघांनी त्यावर काम करायचा प्रयत्न केला आणि आवाज सुटा होईना म्हणून सोडून दिला. आता मशीन लर्निंगने, म्हणजे माणसाचा आवाज कसा असतो आणि पियानोचा कसा हे असंख्य नमुन्यांवरून शिकलेल्या संगणकाने, दोन्ही वेगळे केले. तिथेही लेननचा आवाज बनवलेला नाही, सुटा केलेला आहे. पण ते गाणं या रूपात यावं अशी लेननची इच्छा होती का, हे विचारायला लेनन नव्हता. चार्लीच्या बाबतीत तो प्रश्न पडत नाही. पुढे अशा बातम्या येतील तेव्हा पहिल्यांदा हेच विचारावं: माणसाने स्वतः वाजवलं होतं का, आणि कशासाठी वाजवलं होतं?

गाण्याचे मालक दोन असतात

आता पैसा. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश.

एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा: शब्द आणि चाल ज्याने केली त्याचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा: ते विशिष्ट रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं आहे त्याचा, याला मास्टर म्हणतात. एखाद्या गायकाने माझं गाणं नव्याने गायलं तर रचनेचे पैसे मला मिळतील, पण त्याच्या रेकॉर्डिंगचे नाहीत. बँडमध्ये याचा मोठा परिणाम होतो. नाव जॅगर-रिचर्ड्सचं असल्यामुळे रचनेचे पैसे त्या दोघांकडे जातात, बाकीचे वाद्यांवर कितीही राबले तरी.

आपल्याकडेही हा वाद झाला आहे. सिनेमाच्या गाण्यांचे सगळे हक्क निर्मात्याकडे आणि संगीत कंपनीकडे जायचे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद झाली.

स्टोन्सना हा धडा फार महागात पडला. साठच्या दशकातला त्यांचा व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन याच्या एबीकेसीओ या कंपनीकडे त्यांच्या त्या दशकातल्या गाण्यांचे हक्क गेले, रचना आणि मास्टर दोन्ही. म्हणजे जी गाणी ऐकून जग त्यांना ओळखतं, त्यातली कितीतरी त्यांच्या मालकीची नाहीत. १९७१ पासून त्यांनी स्वतःचं लेबल काढलं आणि पुढची रेकॉर्डिंग्ज आपल्या ताब्यात ठेवली.

दोन हक्कांचा फरक न कळल्यामुळे काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरणही यांच्याच गाण्याचं आहे. १९९७ मध्ये द व्हर्व्ह या बँडने ‘बिटरस्वीट सिम्फनी’ या गाण्यात स्टोन्सच्या एका जुन्या गाण्याच्या वाद्यवृंद-आवृत्तीतला तुकडा वापरला. रेकॉर्डिंगची परवानगी होती. रचनेच्या हक्कावरून मात्र क्लाइनने दावा केला, आणि द व्हर्व्हचा गायक रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टला स्वतः लिहिलेल्या शब्दांचीही रॉयल्टी सोडावी लागली. गाणं जगभर वाजलं आणि श्रेय जॅगर-रिचर्ड्सना मिळालं. शेवटी २०१९ मध्ये जॅगर आणि रिचर्ड्सने आपला वाटा आणि श्रेय अ‍ॅशक्रॉफ्टला परत दिलं. दोघांनी ते केलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. कायद्याने तसं करायची गरज नव्हती.

“म्हणजे हे सगळं तिकिटं विकण्यासाठीच?”

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. त्याचा अर्धा भाग खरा आहे.

स्ट्रीमिंगमधून, म्हणजे फोनवर थेट ऐकण्यातून, एका श्रोत्यामागे मिळणारी रक्कम नगण्य असते. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने गोल्ड-प्लॅटिनमच्या (विक्रीचे टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या मानांच्या) मोजणीसाठी १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला असं प्रमाण ठरवलं आहे. १२ गाण्यांचा अल्बम एका माणसाने सव्वाशे वेळा पूर्ण ऐकला की एका विक्रीची नोंद. उलट स्टोन्सच्या २००५ ते २००७ च्या दौऱ्याने ५५ कोटी डॉलरहून जास्त तिकीटविक्री केली, जो तेव्हाचा विक्रम होता. पूर्वी दौरा ही अल्बमची जाहिरात असायची. आता अल्बम ही दौऱ्याची जाहिरात, असं म्हणतात ते यामुळे.

जाहिरात जोरात झालीच. अल्बमची घोषणा लंडनच्या हॅकनी एम्पायर नाट्यगृहात झाली. २८ ऑक्टोबर २०२३ च्या रिअल माद्रिदविरुद्धच्या सामन्यात बार्सिलोनाच्या खेळाडूंच्या जर्सीवर स्टोन्सचं ते प्रसिद्ध लाल जिभेचं चिन्ह होतं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. एप्रिल २०२४ मध्ये ह्यूस्टनपासून अमेरिकेतला दौरा सुरू झाला, तोही अल्बमच्याच नावाने.

तरी हा आक्षेप पुरा पटत नाही, आणि त्याचं कारण त्यांच्याच इतिहासात आहे. २०१२-१३ चा पन्नास वर्षांचा दौरा, त्यानंतर २०१७ पासूनचा दौरा, दोन्ही स्वतःच्या नव्या गाण्यांच्या अल्बमशिवाय भरगच्च गेले. दुसरं उदाहरण ओएसिस या ब्रिटिश बँडचं. भांडून फुटलेले गॅलाघर बंधू २०२५ मध्ये एकत्र आले, ४ जुलैला कार्डिफमध्ये दौरा सुरू केला, स्टेडियमं भरली, आणि नवा अल्बम नव्हता. तिकिटं विकायला नवी गाणी लागत नाहीत. मैदानात आलेला माणूस जुनी ऐकायला आलेला असतो. २०२४ च्या दौऱ्यातही स्टोन्स एका रात्री नवी गाणी तीन-चारच घ्यायचे.

म्हणजे निव्वळ व्यवहार पाहिला तर नवा अल्बम ही अनावश्यक जोखीम आहे. वाईट निघाला तर नाव खराब, चांगला निघाला तरी उत्पन्नात मोठी भर नाही. जॅगरने ती तारीख ठरवली याचा अर्थ मी असा लावते: तो अजून गाणी लिहिणारा माणूस आहे, आणि गाणी लिहिणाऱ्याला जुनी गाणी गात राहणं पुरत नाही.

“प्रोड्यूसरने मेकअप करून तरुण दाखवलंय”

समीक्षकांमधला हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. आजकाल गाणं फोनच्या छोट्या स्पीकरवर, गाडीत, गोंगाटात ऐकलं जातं. म्हणून मिक्सिंग करताना हळू आवाज वर उचलतात आणि मोठे आवाज दाबतात. याला कॉम्प्रेशन म्हणतात. सगळं सतत मोठं आणि जवळ ऐकू येतं. फायदा उघड आहे. तोटा असा की चढउतार सपाट होतात, आणि स्टोन्सचं सौंदर्य तर त्या ढिलेपणात, त्या मोकळ्या जागेत. पहिलं गाणं ‘अँग्री’ मला याच कारणाने थोडं घट्ट आवळल्यासारखं वाटतं. गिटारची चाल अस्सल आहे, पण तिच्याभोवती हवा नाही.

जॅगरचा आवाज मात्र थक्क करणारा आहे, आणि तो मंचावरही तसाच ऐकू येतो, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही. कीथला संधिवात आहे. त्याने हे स्वतः सांगितलं, आणि त्यामुळे वाजवण्याच्या पद्धतीत बदल करावा लागला हेही. त्याची जुनी रीत अशी: गिटारची सहावी तार काढून टाकायची आणि उरलेल्या पाच ‘ओपन जी’मध्ये, म्हणजे बोटं न ठेवता छेडलं तरी सुरेल मेळ वाजेल अशा पद्धतीने, लावायच्या. या अल्बममध्ये तो कमी सूर वाजवतो, आणि जे वाजवतो त्यात जागा सोडतो.

मेकअपचा आक्षेप दोन गाण्यांपुढे टिकत नाही. एक ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’. सात मिनिटांहून मोठं, चर्चमधल्या गॉस्पेलच्या वळणाचं, लेडी गागाचा आवाज आणि स्टीव्ही वंडरची कीबोर्डवरची साथ. गाणं संपलं असं वाटतं, वाद्यं थांबतात, आणि मग जॅगर आणि गागा एकमेकांना डिवचत ते पुन्हा उभं करतात. दुसरं शेवटचं. अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या ज्या गाण्यावरून बँडचा एक संस्थापक ब्रायन जोन्सने १९६२ मध्ये बँडचं नाव ठेवलं, ते गाणं त्यांनी साठ वर्षांत कधी ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. इथे ते फक्त जॅगर आणि रिचर्ड्स करतात. एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक आवाज. ही थाळी नाही, खिचडीच आहे, आणि अल्बममधलं मला सगळ्यात आवडलेलं तेच.

आपल्याकडे असं कुणी केलंय?

मुंबईच्या रॉक मशीनचं उदाहरण द्यायलाच हवं. १९८४ मध्ये सुरू झालेला हा बँड, १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, १९९७ मध्ये फुटला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया ही मंडळी २०१० मध्ये पुन्हा एकत्र आली आणि २०१२ मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ काढला, सगळी नवी गाणी. त्यांच्यामागे स्टेडियमचे दौरे नव्हते की जर्सीवर चिन्ह नव्हतं. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय रॉक बँडला आपल्याकडे पैसा कधीच फारसा नव्हता. जुन्या चाहत्यांसाठी जुनी गाणी वाजवून चार कार्यक्रम सहज करता आले असते. त्यांनी ते केलं नाही. ज्यांना पुनरागमन म्हणजे केवळ पैसा वाटतो त्यांनी हा अल्बम ऐकावा.

ऐकायचं असेल तर

‘हॅकनी डायमंड्स’ला फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण त्यावरून तो स्टोन्सच्या सर्वोत्तम अल्बमांत बसतो असं समजू नका. बसत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जे केलं त्याच्या जवळ तो जात नाही, आणि जावा अशी अपेक्षाही योग्य नाही.

नवख्या श्रोत्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकला तर पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. ते नको असेल तर चांगले हेडफोन लावून आधी ‘मेस इट अप’ ऐका. त्यात ड्रम्सवर चार्ली आहे. मग लगेच ‘अँग्री’ लावा, त्यात जॉर्डन आहे. दोन्ही वेळा गाण्याकडे लक्ष देऊ नका, फक्त स्नेअरच्या ठोक्याकडे द्या. त्या ठोक्याच्या वेळी हाय-हॅटचं काय होतं, ते ऐका.